सहावी लडी

अंजनाबाई पत्रू बारसागडे, राहणार ऐनटोला, तालुका आरमोरी. जन्म सन १९३६ च्या सुमाराचा. मृत्यू १८ नोव्हेंबर १९८९. जन्माचे साल मतदारयादीतील वयावरून उलटे मोजून काढलेले आहे, कारण तिच्या जन्माची नोंद घरच्यांनी कोतवालाकडे केलीच नव्हती. मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे. जन्मली तेव्हा तिचे गाव चांदा जिल्ह्यात होते आणि वारली तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात. मधल्या काळात ती स्वतः ब्रह्मपुरीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. गावात तिची ओळख दोनदा बदलली. आधी ती धान रोवण्याच्या ओळीत सर्वांच्या पुढे असणारी बाई होती, नंतर कोशाचे, म्हणजे रानरेशमाचे, सूत काढणारी झाली. पुढे तिला तिसरीही एक ओळख चिकटली. तिच्याविषयी अंजनाबाई कोणाशी बोलत नसे.

तिचा नवरा पत्रू शहात्तर सालच्या तापात गेला. पहिली दोन मुले त्याच्याही आधी गेली होती. राहिली ती पासष्ट सालची गुलाब. या एका मुलीला अंजनाबाईने दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणे, निंदणे आणि कापणी करून वाढवले, आरमोरीच्या शाळेत नववीपर्यंत शिकवले आणि त्यापुढे शिकवता आले नाही याची खंत मनात ठेवली.

१९८३ च्या जुलैत, रोवण्याच्या आठव्या दिवशी, डोक्यावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन ती बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून चालली होती. पावसाने खचलेला धुरा तिच्या पायाखाली सुटला आणि ती पेंढ्यांसकट बांधीत पडली. उजव्या पायाची नळी मोडली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातले गेले आणि दोन महिन्यांनी काढले तेव्हा हाड जुळले होते, पण वाकडे. डॉक्टरांनी सांगितले की काठीशिवाय चालायचे नाही आणि चिखलात तर आता उतरायचेच नाही. तिसाव्या वर्षी सांगितले असते तर ते तिने हसण्यावारी नेले असते. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती घरी परतली, ओसरीवर बसली आणि बसूनच राहिली.

बसणे तिला येत नव्हते. पहिल्या आठवड्यात तिने घरातले सगळे तांदूळ तीनदा निवडले. दुसऱ्या आठवड्यात गुलाबकडून अंबाडीचा वाख मागवला आणि दोर वळायला सुरुवात केली. दोरांची वेटोळी खुंटीवर मावेनाशी झाली, तशी एक दिवस गुलाब म्हणाली,

"माय, एवढे दोर कायले वळून राह्यली? आपल्या घरी बांधाले बैल तं सोड, शेळीही नाई."

"तुले बांधून ठेवीन. मंग पायाले चिखल घेऊन ओसरीवर चढशीन नाई."

"मी निंदाले जातो म्हनून चुलीवर भात शिजते, माय."

गुलाबने हे सहज म्हटले होते. अंजनाबाईने हातातला दोर खाली ठेवला आणि त्या दिवसानंतर दोर वळला नाही. मग तिने जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवायला घेतली. सुईचे टाके इतके जवळजवळ पडले की वाकळ पाटीसारखी ताठ झाली. तीही संपली. दिवाळी अजून तीन आठवड्यांवर होती.

शेजारची ठमाबाई ढीवर समाजाची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दोन कामे चालत आलेली, तलावात जाळे टाकायचे आणि जंगलात कोसा पिकवायचा. तिचा नवरा डोमा पावसाळा संपता संपता जंगलात जाई, ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे चढवी आणि पाखरांपासून त्यांची राखण करीत दीड-दोन महिने तिथेच झोपडीत राही. त्या दिवसांत तो दाढी करीत नसे आणि घरी येत नसे. ज्याच्या देहाला काही विटाळ आहे असे वाटे, अशा कोणालाही त्या झाडांखाली पाय ठेवू देत नसे. हा त्यांचा फार जुना नेम होता. तो मोडला तर किडे झाडावरच काळे पडून मरतात, असे डोमाच्या घरचे सर्व मानीत. कोसे उतरवून घरी आले की पुढचे काम ठमाबाईचे. त्या वर्षी ती मागल्या पिकाच्या कोशांची टोपली घेऊन अंजनाबाईच्या ओसरीवर आली, कारण तिचे स्वतःचे घर डोमा नसताना तिला खायला उठे.

"काय वो अंजना, बसून बसून हात सडवून घेशीन. सूत काढाले शिकतं का?"

"आमच्या घरी कोनी काढलं नाई."

"आमच्या पोरी पाच वर्साच्या असतानी शिकते."

"मंग मी काय त्या पोरीयपेक्षा बुद्धू हाव? आन इकडं."

कोसे आधी राखेच्या पाण्यात उकळायचे. ते मऊ झाले की सहा-सात कोशांची तोंडे शोधून त्यांचे तंतू एकत्र ओढायचे, आणि डावी मांडी उघडी करून तिच्यावर तळहाताने ते वळायचे. हात पुढे गेला की पीळ बसतो, हात उचलला की वळलेले सूत फाळक्यावर गुंडाळायचे, आणि पुन्हा हात पुढे. दिवसाकाठी हजारो वेळा तळहात मांडीवरून जातो. ठमाबाईच्या डाव्या मांडीवर गुडघ्याच्या वर वीतभर कातडी घट्टा पडून चामड्यासारखी झालेली होती. तिच्या आईचीही तशीच होती.

"आठ दिवस मांडी आगीवानी जळते," ती म्हणाली. "कातडी सोलून निघते. झोपतानी खोबरेल लावत जाजो, अन रडाचं नाई."

पहिल्या दिवशी अंजनाबाईचे सूत सुतळीसारखे जाड निघाले आणि पंधरा वेळा तुटले. पाचव्या दिवशी ते तुटेनासे झाले. ठमाबाईने विचारले, "जळते का वो?"

"नाई."

"खोटी नको बोलू."

"तुझी शपथ. काहीच नाई होत."

ठमाबाईने वाकून पाहिले. गुडघ्याच्या वर, जिथे हात घासला जाई, तिथली कातडी किंचित सोलली होती. पण हात लावला तरी अंजनाबाई दचकली नाही, की तिने ओठ चावला नाही. तिथे तळहाताएवढा एक फिकट डाग होता. तो चार-पाच वर्षांपासूनचा. अंजनाबाई त्याला शिबे समजे. ना खाज ना आग, म्हणून तिने त्याच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. सूत काढताना तिचा हात आपोआप त्याच जागेवरून फिरू लागला होता, कारण तिथे त्रास होत नव्हता.

"बापा! मांडी हाय का सागाची पाटी?" ठमाबाई हसून म्हणाली. "माझ्या सासूले दाखवाले पाहिजे होती. ती मले रोज रडकी म्हने."

अंजनाबाईही हसली. धुऱ्यावरून पडल्यानंतर ती मोकळेपणाने हसली ती तेव्हा पहिल्यांदा.

पुढल्या वर्षभरात ऐनटोल्यात तिचे नाव झाले. इतर बायका तासाभराने मांडी बदलीत, तेल लावीत, उठून फिरून येत; ती सकाळी बसली की जेवणापर्यंत हलत नसे. हात न थांबल्यामुळे सूतही एकसारखे निघे. ठमाबाईने तिच्याशी त्यांच्यातली जुनी पद्धत ठरवली. कोसे ठमाबाईचे, हात अंजनाबाईचा; पाच लड्या ठमाबाईच्या, सहावी अंजनाबाईची. त्या सहाव्या लडीतून मीठ-तेल येऊ लागले. एका संध्याकाळी गुलाब चिखलाचे पाय धुऊन आत आली, फाळक्यावरचे सूत तिने दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाली, "माय, हे तं केसासारखं हाय." त्या एका वाक्यावर अंजनाबाई आठवडाभर खूश होती.

१९८४ च्या डिसेंबरात गुलाबचे लग्न ठरले. मुलगा बिरजू, आरमोरीच्या बाजूच्या एका गावी शाळेत शिपाई. त्याची आई गिरजाबाई घर पाहायला आली, तिने गुलाबच्या हातचा चहा घेतला आणि लग्न वैशाखात करायचे ठरले. त्यांच्या समाजात बौद्ध धर्माच्या दीक्षेनंतर नवरी पांढरे पातळ नेसते. गिरजाबाई म्हणाली, "पातळ आमी आनू."

"नाई," अंजनाबाई म्हणाली, "पातळ माझ्या सुताचं राहीन."

तिला दुसरे काही देण्यासारखे नव्हते. आरमोरीच्या विणकराला विचारले तेव्हा तो म्हणाला की अठरा लड्या लागतील, सूत उजळून विणायला दीड महिना लागेल, म्हणजे होळीच्या आत सगळे त्याच्या हाती पडले पाहिजे. अठरा लड्या तिच्या वाट्याला यायच्या म्हणजे एकूण शंभरावर लड्या काढायच्या. तिच्या वाट्याच्या शिल्लक पाच होत्या. अंजनाबाईने दुसऱ्या दिवसापासून पहाटे बसायला सुरुवात केली.

जानेवारीत खुशाल आला. खुशाल लोणारे हा ब्रह्मपुरीचा, बौद्ध घरातलाच, कुष्ठरोग शोधण्याच्या सरकारी कामावर होता. गावोगाव सायकलने फिरून घराघरांतल्या माणसांची कातडी तपासायची, औषध द्यायचे आणि नोंद ठेवायची हे त्याचे काम. लोक त्याला चट्टेवाले भाऊ म्हणत आणि त्याची सायकल कोणाच्या दारापुढे थांबते ते पाहत. ज्या दारापुढे ती दर महिन्याला थांबे, त्या घरी पुढे सोयरीक येत नसे. हे खुशाललाही ठाऊक होते. म्हणून तपासणीच्या दिवशी तो सायकल गावाच्या तोंडाशी ठेवून पायी फिरे आणि एकही घर वगळीत नसे.

अंजनाबाईने त्याला हात दाखवले, पाठ दाखवली. तो उठणारच होता, इतक्यात ठमाबाई कौतुकाने म्हणाली, "आमच्या अंजनेची मांडी पाहा ना भाऊ! दिवसभर सूत काढते, पन जळत नाई न दुखत नाई. सागाची हाय!"

खुशाल पुन्हा खाली बसला. "कोनती मांडी?" त्याने विचारले.

ठमाबाईला शेजारी बसवून आणि लुगडे गुडघ्याच्या थोडे वर घेऊन अंजनाबाईने तो डाग दाखवला. खुशालने खिशातून कापसाचा बारीक बोळा काढला. "बाई, डोळे मिटा. मी जिथी टेकवीन, तिथी बोट ठेवून दाखवा."

अंजनाबाईने डोळे मिटले. खुशालने बोळा डागाच्या मध्ये टेकवला, मग कडेला, मग वर. मग पेनाचे टोक टेकवले. अंजनाबाई बोट तयार ठेवून बसली होती.

"चालू करा ना भाऊ," ती म्हणाली. "कवाची बसून हाव."

ठमाबाईने पदर तोंडात धरला. अंजनाबाईने डोळे उघडले ते तिच्याकडे पाहत, आणि ठमाबाईचा चेहरा पाहून तिला कळले. खुशालला काही बोलावे लागले नाही.

तरी तो बोलला, कारण ते त्याचे काम होते. हा आजार गोळ्यांनी बरा होतो, सुतातून कोणाला जात नाही, घाबरायचे नाही. मात्र गोळ्या आजच सुरू केल्या पाहिजेत, नाहीतर हातापायांच्या नसा जातात. त्यासाठी नाव नोंदवावे लागेल, आरमोरीला कानाच्या पाळीची तपासणी होईल, आणि नियमाप्रमाणे एका घरात राहणाऱ्या सर्वांना तपासावे लागेल.

"म्हंजे गुलाबले?"

"हो, बाई."

"तिले समजन. अन ती लबाडी बोलू शकत नाई. नवऱ्या पोराच्या घरी जाऊन सांगून देईन." तिने फाळक्यावरचे सुटलेले सूत नीट गुंडाळले. मग म्हणाली, "वैशाखापर्यंत थांबा."

"चार महिने? बाई, हात जाईन."

"हात माझा हाय ना, भाऊ? पोरीचं लगन मोडलं तं ते कोनत्या गोळीनं जुळन?"

खुशाल बत्तीस वर्षांचा होता आणि नोकरीत त्याने कधी एक रकाना रिकामा सोडला नव्हता. त्या दिवशी त्याने वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि काही न लिहिता दोन्ही पिशवीत ठेवले. जाताना त्याने तिला बजावले की करंगळीला मुंग्या आल्या किंवा बोटे वळेनाशी झाली तर लग्न असो वा नसो, त्याच दिवशी निरोप धाडायचा. दर महिन्याला तो या रस्त्याने जाईल. थांबणार नाही, फक्त घंटी वाजवील. सगळे ठीक असेल तर तिने ओसरीवरून हात वर करायचा.

ठमाबाईने त्या दिवशी घरी जाऊन डोमाला काही सांगितले नाही. डोमाच्या नेमाप्रमाणे आता अंजनाबाईला कोसे देणे पाप होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा मोठी टोपली घेऊन आली.

"ठमे, तुझं पीक बुडन."

"बुडू दे. बडबड नको करू, पानी उकळव."

आता सूत काढताना अंजनाबाई मांडीकडे पाहत नसे. तिने हाताची जागा बदलून पाहिली. डागाच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, तिला आयुष्यात पहिल्यांदा ती आग कळली जिच्याविषयी ठमाबाई सांगत असे. दोन दिवसांत तिचे काम निम्म्यावर आले. तिसऱ्या दिवशी तिने हात पुन्हा त्या मुक्या जागेवर आणला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घंटी वाजली आणि तिने उजवा हात वर केला. त्यानंतर आठवडाभरात उजव्या करंगळीला मुंग्या आल्या. काही दिवसांनी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागले. सरळ केले तरी पुन्हा वळत. तळहात मांडीवर सपाट टेकेना, सूत कुठे जाड कुठे बारीक निघू लागले. तिच्या जवळ चौदा लड्या झाल्या होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावर घंटी वाजली. अंजनाबाईने उजवा हात लुगड्यात धरून डावा हात वर केला. खुशालने लांबूनच पाहिले, हात वर आहे एवढे पाहिले, आणि पायडल मारले.

होळीला सतरा लड्या झाल्या. अठरावी निघेना. ठमाबाई म्हणाली, "मी काढून देतो."

"तुझ्या हाताचं नको. माझ्या सुताचं म्हनून सांगून बसलो मी."

ठमाबाई घरी गेली आणि आपल्या वाट्यातली, पण अंजनाबाईच्याच हाताने वर्षभरापूर्वी काढलेली एक लडी घेऊन आली. "हे तं तुझ्याच हाताचं हाय ना? ने. मंग काढून देजो."

अंजनाबाईने ती घेतली. उसने ती कधी कोणाचे ठेवीत नसे.

विणकराने सूत हाताळून विचारले, "सगळं एकाच बाईचं? पंधरा लड्या तं आरशावानी हायत. या तीन अशा काऊन?" गुलाब म्हणाली, "माय थकली होती." त्याने त्या तीन लड्या पदराच्या शेवटाला वापरल्या, जिथे डोळा कमी जातो.

लग्न वैशाखात झाले. नवरीचे पातळ पांढऱ्याजवळचे होते, उन्हात त्याला मधासारखी छटा येई, आणि गिरजाबाईनेही चार बायकांत ते दोनदा हातात घेऊन दाखवले. अंजनाबाई उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती. मुलगी निघताना तिने डाव्या हातानेच तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गुलाबच्या ते तेव्हा लक्षात आले नाही; ते आठवून ती पुढे अनेकदा रडली.

तिसऱ्या दिवशी खुशालची सायकल अंजनाबाईच्या दारापुढे उभी राहिली. त्याने हात पाहिला आणि तो ओसरीच्या पायरीवरच बसला.

"बाई, तुमी तं मार्चमंदी हात वर केला होता."

"डावा केला होता, भाऊ."

वहीत त्याने तारीख लिहिली, मे १९८५. आजार केव्हा आढळला या रकान्यात तीच लिहिली. गोळ्या सुरू झाल्या. आजार थांबला, पण बोटे वळली ती वळलीच. आणि नियमाप्रमाणे गुलाबलाही तपासायचे होतेच. ते त्याला एका महिन्यापेक्षा अधिक पुढे ढकलता आले नाही. त्याने सायकल गुलाबच्या सासरच्या गावाबाहेर ठेवली तरी त्याला ओळखत नाही असे त्या गावात कोणी नव्हते. गुलाबच्या अंगावर काही निघाले नाही. पण गिरजाबाईने विचारले, "एकटीलेच काऊन तपासलं?" आणि गुलाबला लबाडी बोलता येत नव्हती.

गिरजाबाई दुष्ट नव्हती. तिचा सख्खा भाऊ याच रोगाने गावाबाहेरच्या झोपडीत अकरा वर्षे राहिला होता आणि लहानपणी त्याला भाकर नेऊन देण्याचे काम तिचेच होते. भाकर कुडाबाहेर ठेवायची आणि मागे न पाहता यायचे. ती गुलाबला म्हणाली, "तुले मी काही म्हनत नाई. तू माझी सून हाय. पन ते पातळ माझ्या घरात नको." तिने कुठूनसे ऐकले होते की कोशाचे सूत मांडीवर काढतात.

पातळ परत घेऊन बिरजू आला. तो घडी छातीशी धरून अंगणातच उभा राहिला.

"ठेव बापू तिथी, बाजेवर," अंजनाबाई म्हणाली. "पानी घेशीन का?" मग स्वतःच म्हणाली, "नको, राहू दे. ऊन होईन, जा."

तिने पातळ पत्र्याच्या पेटीत ठेवले. लग्न मोडले नव्हते, आणि ज्यासाठी हात दिला ते उभे होते, एवढ्यावर ती समाधान मानी. गुलाब वर्षातून दोनदा येई. मूल झाल्यावरही ते सोबत आणण्याची तिला मुभा नव्हती. खुशालने गुलाबला आणि अंजनाबाईला अनेकदा समजावले की आता कोणाला काही धोका नाही. अंजनाबाई मान हलवी. एकदा, सत्त्याऐंशीच्या दिवाळीत, गुलाब कोणाला न सांगता मूल घेऊन आली, तेव्हा अंजनाबाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आणि रांगणाऱ्या नातवाला तासभर नुसती पाहत राहिली.

डोमालाही कळले. त्याच्या घरच्यांनी ठरवले की अंजनाबाईच्या ओसरीवर कोसे जाणार नाहीत. ठमाबाई भांडली आणि हरली. ती रिकाम्या हाताने येई, तंबाखू मळी, गोष्टी करी. निघताना अंजनाबाई दर वेळी म्हणे, "ठमे, तुझी एक लडी हाय माझ्याकडं."

"राहू दे वो. मले का ओढ लागली?"

"मले लागली."

अठ्ठ्याऐंशी साली तिचे औषध पूर्ण झाले आणि ती रोगमुक्त असल्याचा कागद खुशालने तिला दिला. तिने तो वाचून घेतला, घडी करून त्यालाच परत दिला आणि म्हणाली, "हा गिरजाबाईले दाखवा." खुशाल गेला. गिरजाबाईने कागद हातात घेतला नाही, पण त्याला बसायला बाज दिली आणि अगदी खऱ्या जिज्ञासेने विचारले, "कागदानं बोटं सीधी होते काय, साहेब?" खुशालने कागदाची घडी घातली. तो कागद पुढे त्याच्याच पिशवीत राहिला.

त्यानंतरच्या वर्षी, नोव्हेंबरात, साध्या तापाने अंजनाबाई चार दिवसांत गेली. मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गुलाब मुलासकट आली, आणि तिच्या मागे गिरजाबाईही आली. ती मांडवाच्या कडेला बसली आणि पाणी प्याली नाही. गुलाबने पेटी उघडून ते पातळ काढले. पदर हातात घेतला तेव्हा शेवटच्या वीतभर जागेत बोटांखाली सूत खडबडीत लागले, कुठे जाड, कुठे बारीक. ती जागा तिने पुन्हा पुन्हा चाचपली, आणि मग तेच पातळ नेसून वंदनेला बसली. गिरजाबाई पाहत होती. घरी परतल्यावर तिने पातळ कपाटात ठेवू दिले नाही. माळ्यावर, धानाच्या कोठीशेजारी, ठेवायला हरकत घेतली नाही. आजही ते तिथेच आहे.

खुशालने वहीतली तारीख बदलण्यासाठी अर्ज लिहिला. जानेवारी १९८५ असे त्याला लिहायचे होते. जुनी नोंद सुधारता येत नाही असे उत्तर आले. मे ही तारीख तशीच आहे आणि ते चार महिने कोणाच्या नावावर लागलेले नाहीत.

राहिली ती उसनी लडी, जिच्याविषयी अंजनाबाई गुलाबलाही सांगत असे. मांडव उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाब ठमाबाईच्या घरी गेली आणि तिने कोसे मागितले. डोमा दारात होता. तो जाळे उचलून तलावाकडे निघून गेला. गुलाब भिंतीशी बसली, डावी मांडी उघडी केली आणि ठमाबाई सांगेल तसा हात फिरवू लागली. सूत तुटत होते, पुन्हा जोडावे लागत होते. दुपारपर्यंत तिच्या मांडीवर वीतभर लाल पट्टा उमटला आणि तिचे डोळे भरून आले.

"जळते का वो, पोरी?"

"लई जळते, मावशी."

ठमाबाईने वाकून तो लाल पट्टा पाहिला, त्याला बोट लावले, आणि गुलाब कळवळून मागे सरली तशी ती रडू लागली. "जळू दे," ती म्हणाली. "जळते तेच चांगलं हाय. जळू दे."

लडी पुरी व्हायला चार दिवस लागले. ती जाडीभरडी झाली होती, आरमोरीच्या विणकराने घेतली नसती. ठमाबाईने ती घेतली, बाकीच्या लड्यांत न मिसळता वेगळ्या खुंटीला अडकवली, आणि गुलाबला सांगितले की तुझ्या मायकडे आता माझे काही नाही.